बुऱ्हाणपूरची अकबरी सराई: एका दिवसात कशी पाहावी आणि जेवायचं काय

आमच्या सावदा-रावेर भागातली माणसं बुऱ्हाणपूरला सारखी जातात. कुणी कापड घ्यायला, कुणी दवाखान्यात, कुणी सोयऱ्यांकडे. काम झालं की संध्याकाळची गाडी धरून घरी. ज्या अंडा बाजारातून आपण पिशव्या सावरत निघतो, तिथेच ताना गुजरी मशिदीच्या उत्तरेला मोगलांच्या काळातलं एक 'हॉटेल' उभं आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याचं नाव अकबरी सराई. नावात अकबर असला तरी ती बांधली गेली जहांगीरच्या काळात. तेव्हा खानदेशाचा सुभेदार होता अब्दुल रहीम खानखाना. शाळेच्या हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले, तोच हा रहीम.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ते आपल्या खानदेशाच्या राजधानीचं गाव आहे. फारुकी सुलतानांची आधीची गादी शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला होती. नासिरखान फारुकीनं १४०० च्या सुमारास तापीच्या काठी हे नवं शहर वसवलं. खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्यावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटलं आणि पलीकडच्या काठाला झैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला, खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि उत्तरेहून दख्खनेत उतरणारा जो तो इथे मुक्काम करू लागला. फौजा, व्यापारी, हाजी, फकीर, वकील सगळेच. हे मुक्कामाचं शहर आहे आणि ते तसंच पाहावं, असं मला मनापासून वाटतं. नुसता किल्ला-मशीद-मकबरा असा फेरा मारला तर शहर हाती लागत नाही. दमून आलेल्या वाटसरूला काय लागायचं? पाणी, अंघोळ, टेकायला जागा आणि गरम जेवण. त्याच क्रमानं फिरा. खाली दिलेला दिवस मी तसाच लावला आहे.

कधी जावं, कसं जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाऊच नका. पावसाळ्यात तापी भरून वाहते, ते दृश्य सुंदर असतं, पण गल्ल्यांतून चालणं अवघड होतं. वार निवडताना शुक्रवार टाळलेला बरा. दुपारच्या नमाजाला जामा मशीद आणि आजूबाजूचे रस्ते भरलेले असतात, बाहेरच्या माणसानं तेव्हा मधे येऊ नये.

रेल्वे सगळ्यांत सोपी. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा आणि मग बुऱ्हाणपूर. भुसावळपासून साधारण तासाभरात पोचता. जळगाव, चाळीसगाव, अमळनेरकडच्यांनी भुसावळला गाडी बदलावी. गाडीनं यायचं तर दोन रस्ते आहेत. एक सावदा-रावेरवरून, केळीच्या बागांमधून. दुसरा मुक्ताईनगरहून इच्छापूरमार्गे, वाटेत इच्छादेवीचं दर्शन होतं. स्वतःच्या गाडीला काही अडचण नाही. भाड्याची गाडी असेल तर ती परराज्यात न्यायचा परवाना आणि कर भरलेला आहे का, हे आदल्या दिवशीच मालकाला विचारून घ्या. सीमेवर अडकलात तर सकाळ हातची जाते.

सोबत काय घ्यावं? पाण्याच्या बाटल्या, सुटे पैसे, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा मोठा रुमाल, सहज काढता येतील अशा चपला आणि एक चांगली बॅटरी. मोबाईलचा उजेड जुन्या कोठडीत पुरत नाही. घरून शिदोरी नेऊ नका, हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे प्रवास म्हटला की दशम्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधलाच जातो. या एका दिवसासाठी पोट रिकामं ठेवून जा, कारण इथलं जेवण हा या सहलीचा निम्मा भाग आहे.

पहिलं पाणी: कुंडी भंडारा

स्टेशन शहरापासून तीन-चार किलोमीटर अलीकडे, लालबागेच्या बाजूला आहे. कुंडी भंडाराही त्याच बाजूला, म्हणून आधी तिथे जा आणि मग शहरात उतरा. उलट केलंत तर रिक्षाचं भाडं दुप्पट होतं. रिक्षावाल्याला 'खुनी भंडारा' म्हटलं तरी कळतं. घाबरण्यासारखं काही नाही, ते त्याचं रूढ झालेलं दुसरं नाव आहे.

ही जलयोजना १६१५ च्या सुमारास खानखानाच्या काळात बांधली. तबकुतुल अर्ज या इराणी तज्ज्ञानं तिची आखणी केली असं सांगतात. युक्ती अशी की सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकत जातो. त्या सरकत्या पाण्याच्या वाटेत जमिनीखाली बोगदा खोदला, त्याला हलकासा उतार दिला आणि पाणी शहराकडे वळवलं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. ठरावीक अंतरावर वरून खाली उभ्या विहिरी पाडल्या, त्याच कुंड्या. बोगद्यात हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा हे त्यांचं काम. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत शहराकडे जातात. पाणी जाली करंज नावाच्या हौदात येऊन पडायचं आणि तिथून नळांवाटे वाड्यांत, हमामांत, सराईत पोचायचं. २०२४ मध्ये या भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं.

खाली उतरायला एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे, साधारण ऐंशी फूट खोल. ती कधी चालू असते, कधी दुरुस्तीसाठी बंद. एकदा मी माहेरच्या आठ जणींना घेऊन गेले आणि त्याच दिवशी ती बंद निघाली. तेव्हापासून स्टेशनवर उतरल्या उतरल्या आधी रिक्षावाल्याला विचारते आणि मगच ठरवते. बंद असली तरी जा. वर ओळीनं दिसणारी कुंड्यांची तोंडं पाहिली की जमिनीखालचा मार्ग डोळ्यांसमोर उभा राहतो.

उतरायला मिळालं तर बोगद्यात दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, एवढं ठरवूनच जा. बॅटरी भिंतीवर धरा. पाण्यातला चुना साचून साचून भिंतीवर पांढरा थर चढला आहे, कुठे गुळगुळीत, कुठे फुलकोबीसारखा दाटलेला. बोट लावलं तर गार आणि ओलसर. पायाखालचं पाणी इतकं नितळ की ते वाहतंय हे डोळ्यांना कळत नाही, पोटऱ्यांना कळतं. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी खाली जाऊ नये. पाय जपून टाका, चुन्यावरून घसरायला होतं.

मग अंघोळ: शाही किल्ल्यातला हमाम

कुंडी भंडाऱ्याहून थेट तापीकाठच्या शाही किल्ल्यावर. तिकीट थोडक्या पैशांत मिळतं. किल्ल्याचा बराच भाग पडला आहे. तिथे तासन्‌तास घालवायची गरज नाही, हमाम मात्र सावकाश पाहा. आत शिरलात की आधी डोळे अंधाराला सरावू द्या, मग मान वर करा. छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे, फुलं, वेली, भौमितिक आकृत्या. फ्लॅश मारू नका, रंगांना तो सोसत नाही.

१७ जून १६३१ ला मुमताज महल बुऱ्हाणपुरातच वारली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. गाइड लोक ही गोष्ट रंगवून सांगतात, ती ऐका. आहूखान्याला जायचं तर पूल ओलांडून वेगळा तास लागतो. एका दिवसाच्या फेरीत मी तो गाळते.

सराई

साधारण बाराच्या सुमाराला अंडा बाजारात या. आजूबाजूला दाट वस्ती आहे, गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी आत घालू नका. 'अकबरी सराय कुठे' एवढं विचारलं तर शाळकरी पोरंसुद्धा हात करून दाखवतात. इथे मराठी चालते, हिंदी चालते, दोन्ही मिसळून सगळ्यांत छान चालते.

जायच्या आधी एक मनाशी पक्कं करा. ताजमहालासारखं सजवलेलं स्मारक पाहायला तुम्ही आलेला नाही. काळानं, पावसानं आणि माणसांनी झिजवलेली ही कामाची इमारत आहे. तिच्याकडे कसं बघायचं हे ठाऊक असलं तरच ती बोलते. मी लोकांना ज्या क्रमानं दाखवते, तो सांगते.

आधी दरवाजा. बाहेर दहा पावलं मागे जाऊन उभ्या राहा आणि कमानीची उंची डोळ्यांनी मापा. एवढी उंची माणसासाठी लागत नाही. ती पाठीवर ओझं लादलेल्या उंटासाठी असते. सराईत जनावर आणि माल आधी आत यायचा, माणूस मागून. दिवस मावळला की दरवाजा बंद व्हायचा आणि सकाळी सगळ्यांनी आपापला माल मोजून 'पूर्ण आहे' म्हटल्याशिवाय तो उघडायचा नाही, अशी मोगल काळातल्या सराईंची रीत प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. चोरी झालीच तर चोर आतच सापडायचा.

दुसरं अंगण. सराईचा जीव अंगणात असतो. मधे मोकळी जागा आणि कडेनं कोठड्यांची ओळ, ही सगळीकडची ठरलेली मांडणी. अंगणात जनावरं बांधायची, चुली पेटायच्या, सौदे व्हायचे. आपल्या वाड्यातला चौक आठवा आणि तो कित्येक पटीनं मोठा करा.

तिसरी कोठडी. इथे बॅटरी काढा. भिंतीचा गिलावा जिथे सुटला असेल तिथे जवळ जाऊन बघा. आतल्या विटा आपल्या आजच्या विटेपेक्षा कितीतरी पातळ असतात आणि दोन विटांमधला चुना जवळजवळ विटेएवढा जाड. वरचं छत सपाट नाही, विटांच्या कमानीनं पेललेलं आहे. लाकडी तुळई नाही, म्हणजे वाळवी लागायची आणि आग पसरायची भीती कमी. आत उभं राहून हलकेच बोला, आवाज घुमतो.

सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरात आला होता. तो सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशा आपल्याच गावांतून आला. इथे त्याला राहायला ज्या चार खोल्या मिळाल्या त्यांबद्दल त्यानं तक्रार लिहून ठेवली आहे: भट्टीएवढ्या, वरून गोल, भिंतीतच विटांनी बांधलेल्या. शेवटी तो आपल्या तंबूत जाऊन राहिला. विटांच्या कमानीखाली उभं राहून हे वर्णन मनात आणलं की ते अगदी जुळतं. पण भर दुपारी बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाका आणि फरक अंगावर घ्या. ती जाड भिंत ऊन बाहेर थोपवून धरते. रो थंड देशातून आला होता. आपल्यासारखा खानदेशातला माणूस त्या खोलीत शिरला असता तर त्यानं घोंगडी पसरून ताणून दिली असती. म्हणूनच मी सराईची वेळ मुद्दाम दुपारची ठेवते.

चौथी गोष्ट दिसत नाही, ती मनात आणावी लागते: स्वयंपाक. सराईत भटियारे असायचे, बायका नि पुरुष दोघंही. प्रवाशाला खोली देणं, खाट टाकणं, जनावराला चारा घालणं आणि रांधून वाढणं ही त्यांची कामं. आपण मोठ्या स्वयंपाकघराला भटारखाना म्हणतो, त्या शब्दात हा भटियाराच आहे. ज्याला भटियाऱ्याच्या हातचं चालायचं नाही तो अंगणात तीन दगड मांडून स्वतःचं शिजवायचा. एकाच अंगणात कितीतरी जातीधर्मांच्या चुली शेजारी शेजारी पेटायच्या.

आता वागण्याबद्दल. लगतच्या घरांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे, दारात बसलेल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ढासळलेल्या भागावर चढू नका. मुलांना आधीच बजावून ठेवा. भिंतीवर नावं कोरणारे दिसले तर त्यांना तिथल्या तिथे टोका, मी टोकते. मागच्या खेपेला एका आजींनी मला विचारलं, 'काय बघता बाई या पडक्यात?' मी म्हटलं, आमच्या गावाकडून जाणारी माणसं इथे उतरायची. त्यांनी खाट पुढे सरकवली आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

तासभर पुरेसा आहे. घाई करून वीस मिनिटांत उरकू नका.

आता जेवण

दीड-दोनला भूक कडकडून लागलेली असते. सराईतल्या चुली विझून जमाना झाला, पण ते जेवण बाजारात उतरलं आहे. दुकानांची नावं मी देत नाही. जिथे गर्दी स्थानिक माणसांची आहे आणि कढई समोर आहे तिथे बसा.

मांसाहारी असाल तर मांडा मागा. आपल्याकडे खापरावर पुरणाचे मांडे होतात, तो हात डोळ्यांसमोर आणा. इथला मांडा पुरणाशिवायचा. मऊ मळलेल्या कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवतात आणि उलट्या कढईवर टाकतात. पंगतीच्या ताटाहून मोठा, रुमालासारखा मऊ. घडी घालून देतात आणि सोबत मटणाचा रस्सा. फाडून रश्श्यात बुडवला की तो विरघळतोच. करणाऱ्याच्या समोर उभं राहून दोन मांडे होताना बघा. आमच्या आजीचं खापरावरचं कसब आणि हे कसब एकाच घरचं आहे, याबद्दल माझी खात्री आहे.

शाकाहारी असाल तर साध्या भोजनालयात पोळी, डाळ, भाजी सहज मिळते, आणि सकाळी लवकर पोचलात तर पोहे-जिलेबीचा नाश्ता आहेच. राजघाटाजवळच्या बडी संगत गुरुद्वारात लंगर असतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना बुऱ्हाणपुरात थांबले होते, त्या मुक्कामाची ही जागा. डोकं झाका, पाय धुऊन आत जा, पंगतीत बसा, ताटात टाकू नका. मला विचाराल तर सराईची मूळ वृत्ती आजच्या बुऱ्हाणपुरात सगळ्यांत जिवंत कुठे असेल तर ती या पंगतीत.

गोडात मावा जलेबी. मुंबईत रमजानच्या दिवसांत बुऱ्हाणपुरी म्हणून विकतात तीच. आपल्या नेहमीच्या पिवळ्या, कुरकुरीत जिलेबीशी तिची तुलना करू नका. ही जाड, गडद तपकिरी, खव्याची. मंद आचेवर तळतात, त्यामुळे आत मऊ राहते आणि पाक खोलवर पितो. गरमच खा, एकच घ्या, मग वाटलं तर दुसरी. बांधून घरी आणली तर ती थिजते, मजा जाते. घरी न्यायला दराबा घ्या. दराब्याचे लाडू आपल्या घराघरात होतात, पण इथला दराबा लाडू न वळता हलका, फेसासारखा असतो. रवा, तूप, साखर घोटून घोटून तो तसा होतो. डब्यात दोन-चार दिवस छान राहतो.

दुपारनंतर

साडेतीनच्या सुमाराला, दोन नमाजांच्या मधल्या वेळात जामा मशीद पाहून घ्या. फारुकी आदिलशहानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती बांधली. अरबी शिलालेखाबरोबर तिथे संस्कृत शिलालेखही आहे, मशिदीत संस्कृत! तो पाहायचाच म्हणून विचारून पाहा, नाहीतर नजरेतून निसटतो.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवेल. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेनं बुऱ्हाणपूरची बहादूरपुऱ्याची पेठ लुटली होती. ज्या बाजारपेठेवर एवढी स्वारी करावीशी वाटली, तिची श्रीमंती सराईंमधून उतरणाऱ्या तांड्यांवर उभी होती.

असीरगड या दिवसात कोंबू नका. तो वीस किलोमीटर दूर, चढण दमवणारी आणि स्वतंत्र दिवस मागणारा. मुक्काम करणार असाल तरच दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. त्याऐवजी संध्याकाळी राजघाटावर जाऊन बसा. दिवसभर चाललेले पाय पाण्यात सोडा. परतीची गाडी रात्रीची असेल तर स्टेशनला जायची रिक्षा घाटावर येतानाच ठरवून ठेवा, अंधार पडला की लालबागेकडे यायला ते जास्त भाडं सांगतात. आणि दराब्याचा डबा पिशवीत सगळ्यांत वर ठेवा, खाली दबला तर बसतो.